काचेला चिकटलेला थर

"सर, हा शोधनिबंध आज पाठवू नका."

डॉ. केशवरावांनी चष्मा काढला. सत्तावीस वर्षांत जयवंतानं, त्यांच्या तंत्रज्ञ बाईनं, त्यांना असं अडवलं नव्हतं.

"का?"

"वरच्या थरात डाग पडले तरी खालच्यात पडत नाहीत, असं आपण लिहिलंय. पण खालचा थर काचेला चिकटलाय. तो हलंल कसा?"

पेशीचं आवरण म्हणजे चरबीच्या रेणूंचे एकमेकांना टेकलेले दोन थर. थंड झाले की त्यांत दाट रेणूंचे डाग वेगळे होतात. एका थरात झाले की दुसऱ्यातही होतात का, हा प्रश्न होता. चार वर्षं जयवंता काचेवर हे थर पसरत होती.

"परवा सूक्ष्मदर्शक गुंटूरला जातोय," सर म्हणाले. तेलंगण वेगळं व्हायला अकरा दिवस उरले होते. संस्थेची कपाटंसुद्धा दोन राज्यांत वाटली गेली होती; सूक्ष्मदर्शक गुंटूरच्या वाट्याला आला होता. "आता वेळ कुठाय?"

"दोन दिवस द्या. काच नक्को, पाण्यात याच थरांचे फुगे करते. चुकलं तर हाय तसा पाठवा."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं सरांना बोलावलं. फुग्याच्या बाहेरच्या थरात लाल रंग, आतल्यात हिरवा. पाणी हळूहळू गार झालं तसे लाल डाग उमटले. तिनं प्रकाश बदलला. हिरवे डाग नेमके त्याच जागी होते.

"आतल्या थराची चरबी एकटी घेतली तर तिच्यात डाग पडत न्हाईत. आधी बघून घेतलंय मी."

सर बराच वेळ डोळा लावून होते. "म्हणजे चार वर्षं वाया."

"वाया कशी? काच काय करती ते कळलं की."

ते हसले. "तुझे आभार मानतो निबंधात."

"आभार दर वेळी मानता, सर. आता नाव वर, लेखकांत लिहा. जयवंता तातेराव वाघमारे. पूर्ण."

"हौ, लिहितो," सर म्हणाले.

तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतला तिचा सहकारी अप्पाराव सूक्ष्मदर्शकासोबत गुंटूरला निघाला. वीस वर्षं तो आणि जयवंता एकाच टेबलावर जेवले होते. तो ट्रकमध्ये बसला.

"दिवा अर्धा तास आधी लाव," ती म्हणाली. "आणि भिंगाला बोट लावू देऊ नको कुणाला."

ट्रक वळला. ती वर आली, सरांच्या समोरची खुर्ची ओढून बसली. सरांनी निबंधाचं पहिलं पान आणि पेन्सिल तिच्यापुढे सरकवली. तिनं पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.