हळदीच्या पाण्यातली परीक्षा

कुरखेड्याजवळच्या त्या गावात मोहाच्या झाडाखाली सकाळपासून गर्दी लोटली होती. हळदीबाबा वाटीत हळदीचं पाणी घेऊन बसला होता. त्यात हात बुडवला की बाईचं मन कळतं, साफ असलं तर हात पिवळा, पाप असलं तर लाल, असा त्याचा दावा. पुरुषांचं मन तपासायची सोय त्याच्याकडे नव्हती आणि तशी मागणीही कोणी केली नव्हती.

इंदुताईनं आपल्या सुनेला, ज्योत्स्नाला, पुढं बसवलं. दीड वर्षापूर्वी ज्योत्स्नाला नवऱ्याची, धनराजची, किडनी बसवली होती. तेव्हापासून वरचेवर रक्त तपासून घ्यावं लागे. या खेपेला नागपूरच्या रुग्णालयातून निरोप आला की, तिच्या रक्तात या किडनीशी लढणारे घटक वाढलेत, लगेच भरती व्हा, नाहीतर किडनी जाईल. घरात त्याचा अर्थ असा लागला की बाईचं शरीर नवऱ्याला नाकारतंय, म्हणजे मनात दुसरा कोणी असणार. नागपूर राहिलं बाजूला.

"पतिव्रतेच्या आंगात नवऱ्याची किडनी फुलावानी राह्यते," बाबा तंबाखू मळत म्हणाला. "पाप असलं का सडते."

आधी इंदुताईनं हात बुडवला. तो पिवळाच निघाला. मग बाबानं ज्योत्स्नाचा तळवा धरून त्यावर अंगठा चोळला, काहीतरी पुटपुटला. तिनं हात बुडवून वर काढला तर तळवा लालभडक. बायांनी तोंडाला पदर लावले. धनराज जमिनीकडं बघत राहिला. ज्योत्स्नाची मान खाली गेली ती वर येईना.

आरोग्य केंद्राची डॉक्टर संघप्रिया तिला शोधत, बाबा अंगठा चोळत असतानाच तिथं पोचली होती. नागपूरचा फोन तिलाही आला होता. तिनं ते पाहिलं होतं. तिनं बाबाला विचारलं, "तंबाखूत चुना लावता ना जी?"

"मंग?"

"तोच अंगठा या वाटीत बुडवा."

"देव कोपन."

"ज्योत्स्नाबाईवर नाई कोपला, तुमच्यावर काऊन कोपन?"

"बुडवा न जी, आमी पाह्यतो," गर्दीतून लटारू म्हणाला.

बाबाचा अंगठा कुंकवासारखा लाल निघाला. "बाबाचंबी बाहेर कुठी हाये वाटते," कोणीतरी बोललं आणि हशा पिकला.

"हळदीले चुना लागला का लाल होते. घरी करून पाहा," संघप्रिया म्हणाली. "आता रक्ताचं ऐका. पोटातल्या लेकरात अर्धे गुन बापाचे राह्यते. आईचं रक्त ते ओळखून ठेवते, त्याच्याशी लढाले शिकते. ज्योत्स्नाबाईनं धनराजभाऊचे दोन लेकरं पोटात वाढवले, मनून तिचं रक्त त्याच्या किडनीले ओळखते. मनूनच तर तपासनी सारखी कराव लागते. औषधानं हे कमी करता येते. उशीर झाला तर कठीन हाये."

दोन्ही बाळंतपणं इंदुताईनंच निस्तरली होती. तिला तोंड लपवायला जागा उरली नाही.

"चाल, गाडी आनतो," धनराज कसाबसा म्हणाला.

"तुमी मले किडनी देली," ज्योत्स्ना म्हणाली. "पन इतक्या मानसांपुढं माह्या बाजूनं एक शब्द नाई बोलता आला तुमाले."

ती संघप्रियाचा हात धरून नागपूरला जायला आरोग्य केंद्राच्या गाडीत बसली.

किडनी वाचेल की नाही, हे पुढच्या तपासण्या सांगतील. रक्ताचा अहवाल कळला नाही तर डॉक्टरला विचारावं, त्यात कमीपणा काहीच नाही. न विचारता एका आजारी बाईला भर गर्दीत हात बुडवायला लावणं ही शरमेची गोष्ट आहे, आणि ती शरम बाबाइतकीच तिथं बघत उभ्या राहिलेल्या प्रत्येकाची आहे.