असुराचं मागणं

"अनुजा, कथा अर्धी टाकून उठायचं न्हाय. अर्धी कथा माणसाच्या अंगाव येती." नवरात्रात पोथी उघडली की सासूबाई हे हमखास सांगायच्या.

त्या गेल्या. पण नऊ दिवस अनवाणी राहायचं आणि रोज अंबाबाईची कथा सांगायची, हा त्यांचा नेम मी उचगावच्या आमच्या शाळेत चालवते. सातवीला शौर्य शिकवायचं होतं, म्हणून यंदा कोल्हासुर घेतला. प्रेतांनी भरलेल्या वाटा, रक्तानं तांबडी झालेली नदी, आणि शेवटी असुराला पायाखाली दाबून देवीनं उगारलेला त्रिशूळ. "मग मरता मरता असुरानं..." एवढं म्हणाले आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली. "उदं गं अंबे उदं!" करत वर्ग बाहेर पडलासुद्धा.

मी फराळाचा डबा उघडतेय, तोच मैदानातून ओरडा आला. पंचमीला टेंबलाईच्या टेकडीवर कोहळा फोडताना होतो तसा. "फोड! कोहळा फोड!"

तालमीत जाणारी वर्षाराणी देवी झाली होती आणि राजवीर कोल्हासुर. पण हा असुर काही मरेना. त्यानं तिची वेणी धरून तिला मातीत लोळवलं. "देवी रडती बघा रं!"

झालं. ती उठली ती झेंड्याची काठी घेऊनच. देव झालेल्या चौघांनी राजवीरला आडवा पाडून त्याचे हातपाय धरले. पहिला फटका दंडावर बसला. दुसरा मनगटावर, तेव्हा कट्कन आवाज झाला. तिसऱ्याला भुवई फाटली. "मेलो! मेलो म्हटलं की!" तो किंचाळत होता आणि पोरांना वाटत होतं, सोंग काय झकास वठलंय.

तापलेल्या खडीवरून मी धावले. काठी धरायला गेले, तर पुढचा फटका माझ्याच तळहातावर आला. शिपाई गणपतराव रिक्षा आणायला पळाले. राजवीरचं डोकं मी मांडीवर घेतलं. पदर भिजत गेला. त्याचं मनगट भलतीकडंच वळलं होतं. देव भिंतीला चिकटून उभे.

"बाई," वर्षाराणी म्हणाली, "देवीनं मारलंच हुतं की."

"मारलं. आणि मरणाऱ्याला विचारलं, तुझं मागणं काय? तो म्हणाला, या नगराला माझं नाव राहू दे, आणि दरवर्षी माझ्या नावानं कोहळा फोड. देवीनं शब्द दिला. म्हणून आपण कोल्हापूर म्हणतो. म्हणून तिची पालखी अजून पंचमीला टेंबलाईवर जाते."

राजवीरनं एक डोळा किलकिला केला. "मग माझं मागणं कोन इचारनार?"

वर्षाराणी खाली बसली. "बोल."

"आई दुपारपाळीला कंपनीत जाती. सांजची धार मीच काढतो. आज दूध न्हाय गेलं तर आई..."

"मी काढतो," वर्षाराणी म्हणाली. "म्हस लाथ मारती व्हय?"

"मारती. तुला तर मारनारच."

"मारू दे. शब्द दिला."

दवाखान्यात त्याला टाके पडले, प्लास्टर झालं. त्याची आई धावत आली, तेव्हा मी पिशवी न्यायला शाळेत परतले. फाटकात वर्षाराणीचे वडील तिला मारत होते. "पोरगी हाईस का राक्षस?" कानशिलात बसली, पुन्हा बसली. ओठ फुटला. ती जागची हलेना. शेवटी तेच दमले. "गप घरला ये," म्हणून गाडीला किक मारून गेले.

ती नळावर गेली. कोपरापर्यंत हात धुतले, नखांतलं वाळलेलं रक्त काडीनं काढलं आणि पुन्हा धुतले. मग दप्तर पाठीला लावून, घरची वाट सोडून, राजवीरच्या गोठ्याकडं चालू लागली.