पाय पुसून आलेली पलटण

त्या घरात लढाया व्हायच्या त्या पायपुसण्यावरून. आई मोठ्या दवाखान्यात मेट्रन होती. आता निवृत्त झाली होती, पण नोकरीतून, शिस्तीतून नव्हे. दारातल्या पायपुसण्यावर उजवा पाय दोनदा, डावा पाय दोनदा घासल्याशिवाय आत पाऊल टाकायची कुणाची टाप नव्हती. बाबा ताडमाड उंच, जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस, जगाचा नकाशा तोंडपाठ. पण स्वतःच्या दारात त्यांचं काही चालत नसे. इतकी वर्षं पाय घासून घासून आता आपण पाय घासतो हे त्यांच्याही ध्यानात येत नव्हतं.

आईची जीभ कडक, पण हात मऊ. लहानपणी धाकट्या लेकीचा गुडघा दर आठवड्याला फुटायचा. आई बडबडत पट्टी बांधायची, गाठ मारायची, पट्टीवर दोन हलक्या थापा द्यायची आणि म्हणायची, "झालं, पळ!"

ती धाकटी आता व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत होती. पडद्यावरच्या माणसांना चालायला-धावायला लावायचं, हे तिचं काम. सध्या दुसऱ्या महायुद्धातल्या लढाईचा खेळ चालला होता. खेळणारा स्वतःच सैनिक. हातात बंदूक, समोर शत्रू, आणि पडद्यावर स्वतःचे म्हणून दिसतात ते नुसते दोन हात. हे ऐकूनच आईला तिडीक यायची. "मी जन्मभर फुटलेली माणसं शिवली, आणि माझी पोरगी माणसं पाडायचा पगार घेते!" शेजारणीने विचारलं, "धाकटी काय करते हो?" तर आई म्हणायची, "कॉम्प्युटरमध्ये असते," आणि लगेच पाण्याच्या टाकीचा विषय काढायची.

धाकटीला हे लागायचं. फार लागायचं. शाबासकी नको हो, पण आईने एकदा खुर्चीत बसून नीट बघावं, एवढंच तिला हवं होतं. पण आई कसली ऐकते!

अशात शत्रूच्या सैनिकाच्या हालचाली देणाऱ्या नटाचा पाय मुरगळला. खेळाच्या कामाचा मुख्य होता एक तिशीतला दाढीवाला. लढाई सोडा, तो झुरळालाही घाबरायचा, पण हुकूम असे सोडायचा की सगळे त्याला कर्नल म्हणायचे. त्याला तातडीने उंच माणूस हवा होता. धाकटीने बाबांना आणलं. अंगाला घट्ट काळा पोशाख, त्यावर जागोजागी पांढरे गोळे चिकटवलेले, हातात लाकडी बंदूक आणि चहूकडे कॅमेरे. ते जे टिपतील, तसेच पडद्यावरचे सगळे शत्रुसैनिक चालणार. बाबा भलतेच खुलले.

"काका, दारातून झपकन आत शिरायचं आणि गोळीबार करायचा," कर्नल म्हणाला.

दार म्हणजे चार पट्ट्यांची नुसती चौकट. बाबा रुबाबात आले, चौकटीशी थांबले, उजवा पाय दोनदा, डावा पाय दोनदा घासला आणि मग आत शिरून ठो ठो केलं.

"काका, ते पाय कशाला?"

"कसले पाय?" बाबा म्हणाले.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. दहादा सांगितलं, तरी मेलं ते पाय घासणं काही सुटेना. शेवटी धाकटी म्हणाली, "राहू द्या, तेवढं मी कापते." आणि तिने कापलंही. पण मूळ फाइल पुसवेना. फार गोड होती हो ती! म्हणून तिने ती जवळ ठेवली, नाव दिलं "बाबा". कापलेलीचं नाव "बाबा नवीन". आता अशी नावं देणाऱ्या माणसाचं पुढे काय होणार, ते सांगायला ज्योतिषी नको.

खेळ बाजारात जायच्या आधी घरच्यांना बोलावून दाखवायची त्या कंपनीची पद्धत होती. आई आली ती बाबांसाठी. "ह्यांनी काय दिवे लावलेत ते बघते आणि निघते," म्हणत मागच्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन, तोंड खिडकीकडे करून बसली. धाकटीचा जीव टांगणीला लागला.

समोर कर्नल खेळायला बसला. भल्या मोठ्या पडद्यावर पडकं घर, धूर, तोफांचा दणदणाट. दार धाडकन उघडलं. शत्रूचा सैनिक आला, दारात थांबला, उजवा पाय दोनदा, डावा पाय दोनदा घासून आत शिरला. मागोमाग दुसरा. त्यानेही घासले. त्याच्यामागे अख्खी पलटण बॉम्बच्या वर्षावात आपापली पाळी येईपर्यंत रांगेत उभी!

घाईत कुठली फाइल गेली ते धाकटीला कळलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. आणि कर्नल पहिल्या सैनिकावर नेम धरतोय, तोच मागून आवाज आला.

"थांबा! खबरदार गोळी घातलीत तर! आमचे हे आहेत ते!"

आई उभी होती. कर्नलने दचकून खेळ थांबवला. आई पुढे आली, पडदा बघितला, बाबांकडे बघितलं. "एकाला वळण लावता लावता माझ्या नाकी नऊ आले, आणि इथे अख्खी पलटण!" म्हणाली, आणि हसत सुटली. मग सगळंच दालन हसलं. बाबा उठून सगळ्यांना नमस्कार करायला लागले.

"ऊठ रे बाळा, मला बसू दे," आई कर्नलला म्हणाली, आणि चक्क खुर्चीत बसली. "कुठलं बटण?"

धाकटीने कंट्रोलर तिच्या हातात दिला. खेळ सुरू झाला. आईने बंदुकीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेजारी आपल्याच बाजूचा एक सैनिक कण्हत पडला होता. "अगं, याच्या दंडातून रक्त चाललंय आणि तुम्ही हसताय काय!"

"हिरवं बटण दाब, आई."

आईने दाबलं. पडद्यावर दोन हात पुढे आले. पट्टी अंगठ्याखाली धरली, वळशावर वळसा घेतला, गाठ मारली आणि पट्टीवर दोन हलक्या थापा दिल्या.

"झालं, पळ!" आईच्या तोंडून निघून गेलं.

सैनिक उठून पळाला. आई मात्र हलेना. तिने पुन्हा जखमी शोधला, पुन्हा तेच बटण दाबलं. त्याच दोन थापा. मग मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत राहिली.

"हे माझे हात आहेत," ती म्हणाली.

"मग कुणाचे घालू?" धाकटी म्हणाली. "मला दुसऱ्या कुणाची पट्टी माहीतच नाही." आईने तिचा हात ओढून घेतला आणि घट्ट धरून ठेवला.

तेवढ्यात पाय पुसून आत आलेल्या सैनिकाने आईवर गोळी झाडली. पडदा लाल झाला.

"अहो! मला गोळी घातलीत?"

"अगं, मी नाही, तो..." बाबा गडबडले, आणि पुन्हा हशा उसळला.

"मी लगेच दुरुस्त करते," धाकटी कर्नलला म्हणाली.

"बाकीच्यांचं कर," आईने परस्पर हुकूम सोडला. "एकाला राहू दे. त्याला मी ओळखीन." कर्नलने आयुष्यात पहिल्यांदाच "हो, मेट्रनबाई" म्हटलं.

घरी परतताना जिन्यात शेजारीण भेटली. "काय, आज सगळे मिळून कुठे?" तिने विचारलं.

आईने या खेपेला पाण्याच्या टाकीचं नाव काढलं नाही. "माझ्या मुलीने लढाई केलीय, ती बघायला गेलो होतो," ती म्हणाली. "माझे हात आहेत तिच्यात. या ना, हिच्या लॅपटॉपवर दाखवते. पण पाय पुसून."