सोयरिकीआधी

धाकटा भाऊ हर्षदीप सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारानं गेला, त्या दिवशी प्रीतीनं डॉक्टर व्हायचं ठरवलं. प्रवेश परीक्षेत दोनदा मार्क कमी पडले, तरी हट्ट सुटेना. मग एक दिवस तिचे वडील, नार्नूरच्या शाळेतले नागोराव सर, तिच्याजवळ येऊन बसले.

"डॉक्टर व्हाले धा वर्सं लागतीन, बाई. तवरिक आपल्यात किती लग्नं लागतीन? तुही माय माह्या मामाची पोरगी. आमचं रक्त कोनी आधी तपासलं असतं, तर त्या लेकराच्या वाट्याले हे दुखणं आलं नसतं."

प्रीती आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी तिनं आदिलाबादला लॅब टेक्निशियनच्या कोर्सचा फॉर्म भरला. तिथंच कळलं, तिला आजार नव्हता, पण आईवडिलांसारखा तिच्याही रक्तात तो दोष होता.

आता ती गावोगाव जाऊन सोयरिकीआधी पोरापोरीचं रक्त तपासते. दोघांतही दोष निघाला, तर लेकराला आजार होऊ शकतो, हे लग्न करू नका, असं तोंडावर सांगते.

यंदा तिच्या मामांनी तिला आपल्या मुलासाठी, भारतसाठी मागणी घातली. भारत तिला लहानपणापासून आवडायचा.

"घरच्याच पोराचं रक्त काऊन पाह्यतं?" मामा चिडले. भारतनं मात्र मुकाट्यानं बोट पुढं केलं.

थोड्या वेळात रक्ताचा थेंब टाकलेलं नळीतलं औषधपाणी गढूळ झालं. त्याच्यातही दोष होता.

"काय निंगालं?" भारतनं विचारलं.

 त्याच्या बोटावरचा कापूस प्रीतीनं तसाच दाबून धरला. रक्त केव्हाच थांबलं होतं.