गच्चीवरची वांगी

आमच्या कॉलनीत गच्चीवर भाजी लावणाऱ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. सगळेच नवशिके. कोणाच्या कुंडीत चार मिरच्या लागल्या तरी फोटोंचा पाऊस पडतो. हंगाम संपल्यावर ठरलं की प्रत्येकाने आपला पहिला अनुभव लिहायचा. शेजारच्या सुनंदाबाईंनी सरळ लिहून टाकलं, ‘मेथी सडली, पुढच्या वेळी पाणी कमी.’ आमच्या ह्यांनी मात्र निबंध लिहिला. मातीशी नातं काय, विषमुक्त अन्न काय, आईच्या चेहऱ्यावरचं समाधान काय! खाली फोटो, माझ्या सासूबाई भरताचा घास तोंडात घालताना. लोकांनी हात जोडले, कोणी डोळ्यांत पाणी आल्याचं कळवलं. माझं डोकं फिरलं. ग्रुपवर तर काही बोलता येत नाही, म्हणून माझा अनुभव मी इथे लिहिते.

हे म्हणजे भूपेंद्र. जळगावात एका कंपनीत हिशेब बघतात. सासूबाईंचं नाव भिकुबाई, पण घरात सगळे त्यांना अक्का म्हणतात, मीही म्हणते. आमचं वावर चोपड्याकडे होतं. कपाशी, आणि विहिरीजवळ घरापुरती भरताची वांगी. माझे सासरे, चुडामण नाना, एकदा भर उन्हात कपाशीवर औषध फवारून घरी आले, ओट्यावर बसले आणि ओकायला लागले. वारं पडलेलं होतं, तोंडाला फडकं नव्हतं. दवाखान्यातून त्यांना परत आणलं ते झाकूनच. अक्कांनी त्यांचा सदरा कितीतरी वेळा धुतला आणि शेवटी जाळला.

पुढे ह्यांनी वावर विकलं आणि जळगावात घर बांधलं. “विष मारून पिकवायचं आणि विषच खायचं, नको ती शेती,” असं हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्यात खोटं काही नव्हतं. अक्का विक्रीच्या दिवशी रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “वांगं सोडं मी. आते आपलं पिकी तवळच खासू.”

काशी करून आलेली माणसं एखादी भाजी सोडतात. अक्कांनी काशीला न जाताच सोडली, आणि सोडली तीही कोणती! आमच्याकडे हिवाळा लागला की गल्लीगल्लीत वांगी भाजल्याचा वास सुटतो. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्याशिवाय कित्येक घरांत वांगं तोंडाला लावत नाहीत, आणि मग मात्र संक्रांतीपर्यंत दुसरं काही सुचत नाही. अशा दिवसांत अक्का आमच्या पंगतीला बसून ठेचा-भाकरी खायच्या. असे तीन हिवाळे गेले. मी भरीत करणं बंद केलं तर म्हणाल्या, “तुमी कसाले सोडतस? तुमी खावा.” मग मी त्यांच्या समोर न बसता स्वयंपाकघरात उभ्यानेच खाऊन घ्यायची.

गच्चीवर भाजी लावायची कल्पना माझी. अक्कांना पुन्हा वांगं खाताना बघायचं, एवढाच माझा हेतू. ह्यांनी ती उचलली आणि बघता बघता स्वतःची करून टाकली. पिशव्या आल्या, माती आली, नारळाचा भुसा आला, शेणखत आलं. मी म्हटलं, “अक्कांना विचारून घेऊ या.” तर म्हणाले, “शेतकऱ्याचा पोरगा आहे मी. वांगं लावायला विचारायचं काय त्यात?” शेतकऱ्याच्या पोराने आयुष्यात खुरपं धरलं नव्हतं. नानांनीच धरू दिलं नव्हतं, पोरगं शिकलं पाहिजे म्हणून.

मग व्हायचं ते झालं. भेंडी एकाच पिशवीत इतकी दाट पेरली की सगळी पिवळी पडली. टोमॅटो पाण्याने गेला. दोडक्याचा वेल शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेला आणि दोडके तिथेच लागले. सुनंदाबाईंनी ते खाल्ले आणि वर चांगले होते म्हणून सांगितलं. ह्याचं मला खरंच हसू यायचं. आम्ही दोघं संध्याकाळी चहा घेऊन वर बसायचो, एकमेकांच्या चुका काढायचो. लग्नानंतर इतके कधी बोललो नसू. पण वांगी मात्र वर आली. पानं रुंद, फुलं जांभळी, आणि दिवाळीच्या सुमारास पहिली हिरवी-पांढरी फळं. मुठीएवढीच, पण आपली. मी रोज खाली येऊन अक्कांना सांगायची. त्यांचे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. “किती शेत?” म्हणजे किती आहेत, असं त्या विचारायच्या. मी सांगितलं की नुसत्या हुं म्हणायच्या, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायच्या.

ह्यांना तेवढ्यावर समाधान नव्हतं. त्यांनी ऑफिसात चंपाषष्ठीच्या भरीत पार्टीचं आमंत्रण देऊन टाकलं. साहेब, साहेबांची बायको, ग्रुपवरची चार घरं. “सगळं आमच्या गच्चीवरचं, विषमुक्त!” आणि त्याच सुमारास अळी पडली. शेंडे मान टाकायला लागले, फळांना भोकं पडली. मी रोज शेंडे खुडायची, निंबोळीचा अर्क मारायची. निम्मी फळं वाचतील असं दिसत होतं. अक्कांपुरती तर नक्कीच.

चंपाषष्ठीच्या आदल्या आठवड्यात मी चुलतभावाच्या लग्नाला धरणगावला गेले. परत आले तर झाडं टवटवीत. एकही अळी नाही. “बघ, अर्काचा गुण,” हे म्हणाले. मला बरं वाटलं. माणसाला बरं वाटून घ्यायचंच असलं की तो फार विचारत नाही.

चंपाषष्ठीच्या सकाळी अक्का न्हाऊन तयार होत्या. म्हणाल्या, “निवदनं वांगं मी तोडसू.” मी त्यांचा हात धरला. एकेक पायरीवर थांबत त्या वर आल्या. झाडांकडे बघून हसल्या. मी त्यांना असं हसताना जळगावात आल्यापासून पाहिलं नव्हतं. त्यांनी एका झाडाची पानं बाजूला केली, वांगं धरलं, वाकल्या, आणि तशाच थांबल्या. मग हात मागे घेतला आणि नाकाशी नेला.

“काय झालं अक्का?”

“तुना सासराना सदराले हाऊच वास व्हता,” त्या म्हणाल्या. “माले वळखू येस.”

खाली येऊन त्यांनी हात धुतले. साबण लावून धुतले, राख लावून धुतले, परत साबण लावला. मी उभी राहून बघत होते.

हे आंघोळ करून आले तेव्हा मी अंगावर धावूनच गेले. आधी नाही नाही म्हणाले. मग कबूल झाले. गावच्या प्रेमराजकडून कपाशीचं औषध बाटलीत घालून आणलं होतं. “अगं, थोडंसंच मारलं. आठवडा झाला. बाजारातल्या वांग्यांवर काय गुलाबपाणी मारतात?”

“ज्या औषधाने नाना गेले, ते तुम्ही अक्कांच्या ताटात घालणार होतात?”

“लोकांना काय सांगणार होतो मी? अळी पडली म्हणून? शेतकऱ्याच्या घरात?”

मी वर जाऊन सगळी वांगी तोडली, झाडं उपटली आणि पोत्यात भरली. हे मोटारसायकल काढून बाजारात गेले आणि पिशवी भरून भरताची वांगी घेऊन आले. मोठी, देखणी, एकेक अर्ध्या किलोचं. मला म्हणाले, “आता तमाशा नको. लोक येतील.” लोक येणारच होते. मी अंगणात कपाशीच्या काड्या पेटवल्या आणि वांगी भाजली. धुराचं निमित्त होतं, डोळे पुसायला बरं पडलं.

अक्कांनी नैवेद्य दाखवला, तळी भरली, आणि कोपऱ्यात जाऊन बसल्या. माणसं जमली. कांद्याची पात, मिरची, शेंगदाणे घातलेलं भरीत, पुऱ्या, ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी. साहेबांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. “भूपेंद्र, विषमुक्त चव लगेच कळते बघ!” त्यांच्या बायकोने विचारलं, गच्चीवर एवढी मोठी वांगी येतात? “शेतकऱ्याचं रक्त आहे, वहिनी,” हे म्हणाले. मला त्यांची कीव आली असती, पण राग इतका होता की तिला जागाच नव्हती.

आणि मग ह्यांनी ताट वाढून अक्कांपुढे ठेवलं. सगळ्यांना हाक मारून सांगितलं, “तीन वर्षं झाली, आमच्या आईने वांगं सोडलंय. आपलं पिकेल तेव्हाच खाणार म्हणाली होती.” दोघांनी मोबाईल काढले. हे अक्कांशेजारी बसले. “अक्का, खाय ना. आपलंच शे.”

अक्कांनी ह्यांच्याकडे पाहिलं. मी मनात म्हणत होते, नका खाऊ, ताट सरकवा, होऊ दे काय व्हायचं ते. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, भरताला लावला आणि तोंडात घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अक्कांनी ताट स्वच्छ केलं.

पाहुणे गेल्यावर मी भांडी गोळा करता करता विचारलं, “अक्का, तुम्हाला सगळं माहीत होतं. मग का खाल्लं?”

“बठ्ठा लोकेससमोर त्यानी मान खाले गई असती,” त्या म्हणाल्या. “पोऱ्या शे मना.”

हे तेवढ्यात फोटो बघत आत आले. खूश होते. “अक्का, कसं लागनं?”

“चांगलं लागनं. बाजारनं वांगं चांगलंच ऱ्हास.”

ह्यांचा चेहरा उतरला. मोबाईल हातात तसाच राहिला. अक्का भिंतीला धरून उठल्या. “आते बाजारमाईनच लई येत जाय,” त्या म्हणाल्या. “माले सोडाले काही ऱ्हायनं नही.”

त्या झोपायला गेल्या. हे खुर्चीत बसले. मला वाटलं, रडतील. रडले असते तर मी जवळ गेले असते.

सकाळी उठून बघते तर ग्रुपवर निबंध आणि फोटो पडलेला होता. सुनंदाबाईंनी खाली विचारलं होतं, बियाणं कुठलं?