मंगळवारचं अ‍ॅव्हरेज

"अठरा?" अमरसिंहनं स्टिअरिंगसमोरच्या पडद्यावर बोट टेकवलं. "बलभीमतात्या, हे बघा. अठरा. शोरूमवाला सत्तावीस म्हणाला होता. ते जाऊ द्या, कंपनीवाले फुगवूनच सांगतात. पण बावीस-तेवीस तरी?"

बलभीम गाडीच्या उघड्या दाराशी वाकून उभा होता. त्यानं आकडा बघितल्यासारखं केलं.

"एसी लई लागतो, दादा. ऊन बगा की कसं पेटलंय."

"एसी मी पण लावतो."

ते खरं होतं. आठवड्यापूर्वी अमरसिंह स्वतः गाडी घेऊन लातूरला जाऊन आला होता. टाकी तोंडापर्यंत भरून निघाला, परत आल्यावर पुन्हा तोंडापर्यंत भरली. तेवीस पडलं. शोरूममध्ये त्यांनी गाडीला कॉम्प्युटर लावून बघितला. बॅटरी ठणठणीत, इंजिन ठणठणीत. म्हणजे गाडी मालकाच्या हातात असली की तेवीस देत होती आणि बलभीमच्या हातात असली की अठरा.

कळंबच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, खत-बियाण्यांचं मोठं दुकान, गावाबाहेर बागायती मळा, असं अमरसिंहचं घर. पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी ही पांढरी गाडी त्यानं मोठ्या हौसेनं घेतली होती. तालुक्यात तशी दुसरी नव्हती. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो ती दाखवायचा. लोक पहिला प्रश्न विचारायचे तो अ‍ॅव्हरेजचाच, आणि तिथंच त्याची जीभ अडखळायची.

बलभीम या घरात अमरसिंहच्या वडिलांच्या जीपपासून होता. अमरसिंहची धाकटी बहीण निकिता, तिला बालवाडीत त्यानंच सोडलं आणि धाराशिवच्या कॉलेजातही त्यानंच. आणि कॉलेज संपल्यावर ती घरातून निघून गेली तेव्हा, तिला कुठं सोडलंत म्हणून पहिली विचारपूस झाली तीही त्याचीच. त्याला खरंच काही माहीत नव्हतं. निकितानं लग्न केलं शिवराजशी. शिवराजचा बाप सिदू आणि आई हरणाबाई मेंढरं घेऊन याच मळ्यात खतासाठी रात्रीची बसायची. पोरगा शिकला, वीज कंपनीत लाईनमन झाला, जिल्ह्यातल्याच वाशीला राहू लागला. पण अमरसिंहच्या लेखी तो मेंढक्याचा पोरगाच राहिला. अमरसिंहनं देवघरासमोर आईचा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला होता. "तिच्या उंबऱ्याला पाय लावलास, न्हायतर ती आपल्या उंबऱ्यावर आली, तर माझं मेलेलं तोंड बघशील."

त्याची आई सत्यभामाबाई. सगळे त्यांना आक्का म्हणत. आक्कांनी ती शपथ पाळली. लेकीच्या उंबऱ्याला पाय लावला नाही आणि लेकीला आपल्या उंबऱ्यावर येऊ दिलं नाही.

फक्त दर मंगळवारी त्या येरमाळ्याच्या देवीला जात. ते त्यांचं सासरी आल्यापासूनचं होतं, त्यामुळे कुणाला नवल वाटायचं कारण नव्हतं. दर्शन झालं की परतीच्या रस्त्यावर, वस्ती मागं पडल्यावर एक मोठा कडुलिंब लागतो. त्या लिंबाखाली निकिता उभी असायची. वाशीहून एस.टी.नं यायची. जुनी डिझेलची गाडी होती तेव्हा ती पोटुशी होती. इंजिन चालू ठेवलं तर धडधड अर्ध्या शिवारात ऐकू जाई, बंद केलं तर आत भट्टी. आक्कांना दम्यानं श्वास लागे. मायलेकी दोन शब्द बोलत आणि उठत.

ही गाडी आली आणि सगळं बदललं. जागेवर उभी असली तरी आत गारवा, बाहेर आवाज नाही. मधूनच इंजिन आपोआप सुरू होऊन बॅटरी भरायचं आणि पुन्हा गप्प व्हायचं. काळ्या काचा. आता निकिताच्या कडेवर लेक होती. आक्का तिला मांडीवर घेऊन बसत, टाळूला तेल लावत, घरून आणलेला मऊ भात भरवत. कधी तिघीही झोपून जात. बलभीम लिंबाच्या बुंध्याशी बसून रस्त्यावर लक्ष ठेवायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं, ड्रायव्हर सावलीला टेकलाय. कधी तास, कधी दोन तास. गाडी एक हातही पुढं सरकत नसे आणि पेट्रोल मात्र जळत असे.

हे बलभीमला कळत होतं. त्यानं एकदा आक्कांना सांगूनही बघितलं होतं.

"आक्का, दादा अ‍ॅव्हरेज बगाय लागलेत."

"बगू दे," नातीच्या केसांतून बोट फिरवत आक्का म्हणाल्या होत्या. "गाडी कुठं बोलतीय का?"

गाडी बोलली. पडद्यावर अठरा दाखवून बोलली.

त्या दिवशी अमरसिंहनं बलभीमला अंगणात उभं केलं. दुकानातले हमाल पोती उतरवत होते, ते थांबले. आक्का ओसरीवर आल्या.

"मी शेवटचं विचारतो. पेट्रोल कुठं जातं?"

"गाडीतच जळतं, दादा."

"गाडी तीच, एसी तोच. मग माझ्या हातात कसं जळत न्हाई?" अमरसिंहचा आवाज चढला. "किती वर्षं झाली ह्याला? बाबांच्या जीपपासून टाकीला नळी लावून तेल काढतोस का?"

बलभीमनं मान वर केली. या पोरानं आजवर त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

अमरसिंह आईकडं वळला. "आई, तू तर गाडीत असतीस. हा वाटेत कुठं थांबवतो का? कुणाला भेटतो का? खरं सांग."

हमाल आक्कांकडं बघत होते. बलभीमही बघत होता. आक्कांनी पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला.

"म्या डोळे मिटून जप करीत असते," त्या म्हणाल्या. "मला काय ठावं."

बलभीमनं खिशातली किल्ली काढली आणि बोनेटवर ठेवली. चपला घातल्या. तो फाटकातून बाहेर पडला. मग मागं एक हमाल हसला.

घरी धुरपदाबाईनं, त्याच्या बायकोनं, ताट पुढं सरकवलं आणि ऐकून घेतलं. मग ती पेटली.

"आन् तुमी गप बसलाव? चोर म्हणून घेतलाव?"

"काय बोलू? आक्कांच्या तोंडावर त्येंना खोटं पाडू?"

"त्येनी न्हाय पाडलं तुमाला?"

"त्येनी पाडलं," बलभीम म्हणाला. "पर त्येंच्या पोराच्या डोस्क्यावर हात ठिवलेला हाय गं. तुला सोसंल का तसलं?"

धुरपदाबाई उठून चुलीकडं गेली. पण रागाचा एक भाग बलभीमच्या पोटातही उरलाच. आपण गप्प राहावं, हे एक. पण त्या बाईनं आपल्याकडं एकदा बघायला काय हरकत होती, हे दुसरं. रोज पहाटे चहा पिताना हे दुसरं वर यायचं.

गाडीवर दुसरं काम मिळालं नाही. कळंब लहान आहे. ट्रॅक्टरवाले, जीपवाले, सगळे हसून टाळायचे. शेवटी मोंढ्यात एका आडत्याकडं सोयाबीनच्या थप्प्या राखायला तो बसू लागला. कुणीतरी जाता-येता विचारायचं, "काय बलभीमराव, नळी आनली न्हवं?" सुरुवातीला तो उठून उभा राहायचा. मग उठणं सोडलं.

अमरसिंहनं नवा ड्रायव्हर ठेवला, ज्ञानोबा. महिनाभरात गाडी साडेबावीसवर गेली. अमरसिंह दुकानातल्या गिऱ्हाइकांना हाताला धरून बाहेर नेऊन पडदा दाखवायचा. "काय बिघडलं नव्हतं गाडीत. ड्रायव्हर बदलला, अ‍ॅव्हरेज सुधारलं." याहून मोठा पुरावा कुणाला हवा होता? जे दोन-चार जण अजून बलभीमची बाजू घ्यायचे तेही गप्प झाले.

एका दुपारी ज्ञानोबा मोंढ्यात तंबाखू मागायला आला. भला माणूस होता. जरा वेळ घुटमळला आणि म्हणाला, "तात्या, एक इचारू? त्या येरमाळ्याच्या वाटंला लिंबाखाली एक बाई लेकरू घेऊन उभी ऱ्हाती. कोन हाय ती?"

बलभीमचा चुना मळणारा अंगठा थांबला.

"का?"

"आक्का पैल्या मंगळवारी म्हनल्या, हळू घे. म्या हळू घेतली. ती बाई म्होरं आली. म्या इचारलं, थांबवू का? तर न्हाय म्हनल्या. काच बी खाली केली न्हाय. ती बाई काचंला हात लावून चार पावलं पळाली बगा. दुसऱ्या मंगळवारी बी तसंच. मग आक्कांनी देवीला जायचंच बंद केलं."

"आत काय करत हुत्या? आक्का?"

"तोंडात पदर कोंबून बसल्या हुत्या."

ज्ञानोबा गेला. बलभीमच्या हातातली तंबाखू तशीच राहिली. आपल्याकडं त्या का बघू शकल्या नव्हत्या, ते त्याला त्या दिवशी कळलं. पोटच्या लेकीकडं ज्यांना बघता येत नव्हतं, त्या ड्रायव्हरकडं काय बघणार?

आक्का वैशाखात गेल्या. दमा उसळला आणि दवाखान्यात न्यायच्या आतच संपलं. मोंढ्यात बातमी आली तेव्हा दुकानं पटापट बंद होऊ लागली. मळ्यात न्यायचं ठरलं होतं; ऊन होतं, फार वेळ ठेवणार नव्हते.

बलभीमनं आडत्याच्या फोनवरून शिवराजला फोन लावला. त्यानं तो निकिताला दिला; ती बलभीमला लहानपणापासून मामा म्हणायची. बातमी ऐकून म्हणाली, "मामा, मला येऊ देतील का?"

"कोन देईल, कोन न्हाय, मला म्हाईत न्हाय. तुमी या. म्या मळ्याच्या फाट्यावर उभा ऱ्हातो. दाजींना आनू नका, आज तमाशा नको."

एस.टी. उशिरा आली. ती लेकीला घेऊन उतरली तेव्हा मळ्यातून धूर वर चढायला लागला होता. ती धावली नाही. फक्त बलभीमच्या हातात लेकरू दिलं आणि चालू लागली.

बांधावर येऊन दोघं थांबले. चिता पेटली होती. मुंडण केलेला अमरसिंह समोर उभा होता. एकेकानं मान वळवली. कुजबूज झाली. कुणीतरी चुलता पुढं व्हायला लागला, त्याला अमरसिंहनं हातानं थांबवलं आणि स्वतः बांधाकडं आला.

निकितानं मान खाली घातली. अमरसिंह तिच्याकडं बघत नव्हता. बलभीमच्या खांद्यावर ती पोर निवांत डोकं टेकून बसली होती. तिनं बलभीमच्या कानाची पाळी मुठीत धरली होती. अनोळखी माणसाकडं लेकरू असं बसत नाही.

"ही तुला ओळखती," अमरसिंह म्हणाला. "कशी ओळखती?"

बलभीमनं चितेकडं बघितलं. आता हात कुणाच्याच डोक्यावर नव्हता.

"मंगळवारी. देवीवरनं येताना. आक्का उंबऱ्याला कधी गेल्या न्हाईत, दादा. गाडीतच बसायच्या तिघी."

"गाडीत," अमरसिंह म्हणाला. आणि मग, जणू हेच विचारायचं राहिलं होतं, "चालू ठेवून?"

"ऊन असायचं. आक्कांना दम लागायचा. लेकराला घामोळं यायचं."

अमरसिंहचे ओठ हलले. तो हिशेब करत होता की आईला काही म्हणत होता, कळलं नाही. अंगावरचं ओलं धोतर वाळून पांढरं पडलं होतं.

"मग तुम्ही बोलला का न्हाई, तात्या? त्या दिवशी?"

"आक्का बोलल्या न्हाईत. म्या कसा बोलू?"

अमरसिंहनं पहिल्यांदा बहिणीकडं बघितलं. ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. त्याचा एक हात अर्धवट वर आला, बहुतेक त्या पोरीच्या पायाकडं, आणि तिथंच राहिला. मागून कुणीतरी हाक मारली, कवटी फुटायची वेळ झाली होती. तो वळला आणि नांगरटीतून ठेचकाळत परत गेला.

निकितानं बांधावरूनच हात जोडले. माणसं पांगायला लागली तशी ती दोघं फाट्याकडं निघाली. गाड्या त्यांच्या बाजूनं धुरळा उडवत गेल्या. एकही थांबली नाही.

फाट्यावर सावलीला कुणी नव्हतं. शेजारी सरकारी हापसा होता. निकिता त्याच्याजवळ उभी राहिली.

"मामा, मला सुतक लागतं का ओ?"

बलभीमला आधी समजलं नाही.

"मला कुणी सांगितलं न्हाई. सासूबाई इचारतील घरी गेल्यावर. काय सांगू? धरायचं का मी?"

"धरायचं," बलभीम म्हणाला. "लेकीला लागतं. तीन दिस."

"मग अंघोळ करायला पाहिजे."

ती अंगावरच्या साडीनिशी हापशाच्या तोंडाखाली बसली. बलभीमनं लेकरू डाव्या कडेवर घेतलं आणि उजव्या हातानं दांडा धरला. पहिलं पाणी उन्हानं तापलेलं आलं. मग गार यायला लागलं, आणि तिच्या रडण्याचा आवाज पाण्याच्या आवाजात मिसळला. बलभीमनं तोंड रस्त्याकडं केलं आणि ती उठेपर्यंत हापसत राहिला.