मला कोण फिरवतं?

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. मोठ्या कलिंगडाएवढा, वरून चपटा, बुडाला गुळगुळीत. सांगोल्याच्या पुढं माळावर बिरोबाचं ठेंगणं देऊळ आहे, त्याच्या दारात एका फरशीवर मी बसलेला असतो. तोंड माळाकडं, पाठ देवाकडं. दगड बोलायला लागला म्हणून दचकू नका. दचकायचं पुढं आहे.

माझा जन्म ओढ्यातला. पाण्यानं मला किती वर्षं लोळवलं कुणास ठाऊक. मग कुणा मेंढपाळानं मला पाठीवर घेऊन इथं आणलं. माझ्यात त्याला काय दिसलं ते त्यानं मला सांगितलं नाही. दगडाला कोण सांगतं!

माझं काम म्हणजे कौल देणं. देवाला काही विचारायचं असेल तर आंघोळ करून यायचं, माझ्यावर उकिडवं बसायचं, हात जोडायचे आणि प्रश्न मोठ्यानं विचारायचा. मी उजवीकडं फिरलो तर होय, डावीकडं फिरलो तर नाही. हरवलेली मेंढी सापडेल का, पोरीचं लग्न जमेल का, बोअरला पाणी लागेल का, असलं सगळं मी निस्तरलंय. हल्ली पोरं मोबाईल घेऊन येतात, पोलीस भरतीचं विचारतात आणि माझा व्हिडिओ काढतात. कौतुकाला तोटा नाही. भंडारा उधळून उधळून माझं अंग पिवळं झालंय.

पण मित्रांनो, मी फिरतो, तरी मी मला फिरवत नाही. बसणाऱ्याचं अंग हलत असेल म्हणाल, तर तेवढं मला कळतं हो. हे खालून येतं. फरशीखालून एक गार हिसका बसतो आणि मी वळतो. सुरुवातीला फार भ्यायचो. मग देवच असेल म्हणून मनाची समजूत घातली. पाठ त्याच्याकडं असल्यामुळं बघायचीही सोय नव्हती.

मागच्या वर्षी वळवाच्या दिवसांत अभिमन्यू गेला. बजाबाईचा थोरला, पाचवीतलं पोर. शेरडं घेऊन माळावर होता. आभाळ आलं, बाभळीखाली उभा राहिला आणि वीज पडली. शेरडं सगळी धडधाकट घरी आली.

सुतक फिटल्यावर बजाबाई माझ्यावर येऊन बसली. म्हणाली, "देवा, का नेलंस रं माजं लेकरू?"

मी वाट बघितली. खालून काहीच आलं नाही. येणार तरी कसं? मला उजवं कळतं, डावं कळतं. 'का' कुठल्या बाजूला असतं?

ज्ञानबा पुजारी मनाचा वाईट नाही. त्याला तिचं रडणं बघवेना. तो म्हणाला, "बजाबाई, आसं न्हाय इचारायचं. व्हय का न्हाय, आसं इचार की. माजं काय चुकलं का, म्हन."

"माजं काय चुकलं का, देवा?"

हिसका बसला. मी उजवीकडं फिरलो.

बजाबाई पांढरीफटक पडली. "जत्रंला आंबील न्यायची राहिली व्हती बाबा," ती म्हणाली, "त्येचंच आसंल." ज्ञानबानंही मान हलवली. मित्रांनो, मी दगड, पण मला लाज वाटली. वाटीभर आंबिलीपायी पोर न्यायचं? असा देव असेल तर माझी पाठ त्याच्याकडं आहे तेच बरं, असं मी तेव्हा म्हटलं. आणि देव तसा नसेल, तर मग हिसका कुणाचा? हा विचार आला की फरशी जास्तच गार लागायची.

तेव्हापासून बजाबाई घरची उरलीच नाही. रोज सकाळी येई आणि खांबाला टेकून दिवस मावळेपर्यंत बसे. नवरा शहाजी सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला. सुट्टीला येई, दोन शब्द बोले आणि परत जाई. घरात राहिली एकटी दिपाली, अभिमन्यूच्या पाठची. शेजारीण वाढेल ते खायची. केसांच्या जटा झालेल्या, गालफडं बसलेली. आईला बोलवायला यायची आणि तशीच माघारी जायची. आई वळूनसुद्धा बघायची नाही. माझा जीव तुटायचा.

चैत्रातली एक भर दुपार होती. माळावर चिटपाखरू नाही, वारा नाही. ज्ञानबा जेवायला गेलेला. माझ्या पाठीमागं, आत, बजाबाई रोजच्यासारखी खांबाला टेकून बसलेली. आणि दिपाली आली, पाय न वाजवता. केसांतून पाणी ठिबकत होतं. नेम मोडू नये म्हणून एकटीच आंघोळ करून आली होती बिचारी. ती माझ्यावर उकिडवी बसली आणि तिनं हात जोडले.

"देवा, त्या दिशी शेरडामागं जायची पाळी माजी व्हती. माज्या पोटात दुकत व्हतं म्हनून दादा गेला. आता मला ने आन दादाला आयेकडं दे. नेतोस का?"

एवढ्याशा पोरासाठी मी कधी फिरलो नव्हतो. मनात म्हटलं, सुटलो. तेवढ्यात हिसका बसला. उजवीकडचा.

मी सगळं अंग फरशीवर दाबलं. पुराच्या पाण्यातही एवढा जोर केला नव्हता. काही उपयोग झाला नाही. मी फिरायला लागलो.

"आये," पोर बारीक आवाजात म्हणाली, "देव व्हय म्हनतोय."

बजाबाई धावत बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं लेकीला बखोटीला धरून माझ्यावरून ओढलं, कडेवर घेतलं आणि देवाकडं तोंड करून ओरडली, "न्हाय! तू हायस का न्हाईस मला ठावं न्हाय. आसलास तरी हिला न्हाय द्यायची. कौल गेला खड्ड्यात!" मग लेकीला म्हणाली, "येडे, इजंला काय ठावं कुनाची पाळी हाय? तुजं न्हाय चुकलं. माजंबी न्हाय. चल, भाकरी टाकते."

दोघी पायवाटेनं उतरून गेल्या. आणि मित्रांनो, माझ्यावर कुणी नसताना मी फिरतच राहिलो. फरशीवर घासत, सावकाश, पार देवाकडं तोंड होईपर्यंत. पहिल्यांदाच मी त्याला समोरून बघितलं. पितळेचा मुखवटा, चांदीचे डोळे. त्या डोळ्यांखालचा भंडारा ओला होता, एवढ्या रखरखीत दुपारी.

ज्ञानबानं मला परत वळवून ठेवलं. दिपाली रोज समोरून शाळेला जाते, दोन वेण्या घालून. मी होय म्हणालो होतो, तरी ती आहे. ते होय देवाचं असेल, तर तो एका आईपुढं हरला, आणि मला त्याचा आनंद आहे. देवाचं नसेल, तर फरशीखाली कोण आहे?

मित्रांनो, एक मागणं आहे. बोअरचं विचारा, भरतीचं विचारा, पण कुणाच्या घरचं माणूस गेलं तर 'कुणाचं चुकलं' म्हणून माझ्याकडं येऊ नका. त्या घरी जा. मागं राहिलेल्या पोराला जेवायला वाढा, त्याचे केस विंचरा. आणि सध्या तर कशासाठीच माझ्यावर बसू नका. कालपासून फरशी पुन्हा गार लागतेय, आणि अजून कुणी काही विचारलेलं नाही.